तेहतीस फुटांचे पेडणेकर

पेडणेकरकाकांना रस्त्यात हाक मारण्यात काही अर्थ नसायचा. ते थांबायचेच नाहीत. मान न वळवता उजव्या हाताचं एक बोट वर करायचे आणि तसेच चालत राहायचे. आपण मागे धापा टाकत जायचं. दूधकेंद्राच्या दारात पोचले की थांबून म्हणायचे, "चारशे अठरा. हां, आता बोल." पावलं मोजत असायचे हो! रोज तोच रस्ता, तेच दूधकेंद्र, आणि रोज मोजणी. एकदा मी वैतागून विचारलं, "काका, कालपण चारशे अठराच होती ना? रस्ता काय रोज वाढतो?" तर शांतपणे म्हणाले, "रस्ता नाही गं वाढत. मी म्हातारा होतोय. दोन वर्षांमागे चारशे दोन होती."

घाटकोपरला डोंगराच्या पायथ्याशी आमची वाडी होती. बेचाळीस घरं. अर्धी आमच्यासारखी कोकणातली, अर्धी घाटावरून आलेली बौद्ध मंडळी. वर डोंगरात दगडाची बंद पडलेली खाण. वाडीतले निम्मे म्हातारे त्या खाणीत खडी फोडूनच वाकलेले. मी तेव्हा विक्रोळीच्या एका कारखान्यात ट्रेसर होते. म्हणजे साहेब लोकांनी काढलेले नकाशे मेणकापडावर शाईने उतरवायचे, दिवसभर मान मोडून. बिनलग्नाची, तोंडाने फटकळ, त्यामुळे वाडीत माझा दरारा होता असं मी समजायचे. आई म्हणायची, दरारा नाही, लोक टाळतात तुला.

पेडणेकर आणि काकू आमच्या शेजारच्या खोलीत राहायला आले तेव्हा रंगीत टीव्ही नुकते यायला लागले होते. माणूस सडपातळ, पांढरी अर्धी पँट, डोक्यावर उन्हाळ्या-पावसाळ्यात तीच खाकी टोपी. सामानात दोन ट्रंका, एक पलंग आणि दोन गोणपाटाच्या पिशव्या. पिशव्या हमालाला उचलू दिल्या नाहीत, स्वतः आणल्या. दुसऱ्या दिवशी काकूंनी सांगितलं की त्यात साखळ्या आहेत. जमीन मोजायच्या लोखंडी साखळ्या, दोन्ही टोकांना पितळी मुठी. एक लांब, एक आखूड. दर शनिवारी अंगणात चटई टाकून काका त्यांना खोबरेल लावायचे, एकेक कडी बोटांत फिरवून. काकू माझ्या आईला म्हणायच्या, "माझ्या केसांक इतक्या तेल कदी लागला नाय."

काकू अस्सल मालवणी. नवऱ्याविषयी त्यांचं एकच मत होतं आणि ते त्या कुणालाही ऐकवायच्या: "ह्येंका जमीन दिसता, माणूस दिसणा नाय." काका ऐकून न ऐकल्यासारखं करायचे.

त्यांची सगळी नोकरी दक्षिणेकडे, एका इंग्रज कंपनीच्या सोन्याच्या खाणीवर गेली. एकोणिसाव्या वर्षी मोजणीखात्यात चिकटले आणि कंपनी सरकारने घेतल्यानंतरही तिथेच राहिले. सोन्याची खाण म्हटल्यावर आमची वाडी काय त्यांना सोडते? "काका, किती सोनं आणलंत?" हा प्रश्न त्यांना महिन्यातून चारदा तरी यायचा. ते सांगायचे, "अरे, सोनं मी कधी बघितलंच नाही. गाडाभर दगड चुरला की चिमूटभर निघतं, तेही आम्हाला कोण दाखवतंय! सोन्यावरची भांडणं मात्र रोज बघितली."

पण लहर आली की मग ते खरं सांगायला बसायचे. आधी तिथे म्हणे काहीच नव्हतं. उघडी टेकाडं, बाभळी, मधूनमधून नाचणीची शेतं आणि पाच-दहा झोपड्यांची वस्ती. एका गोऱ्याला दगडात चमक दिसली, आणि पुढच्या दोन-चार वर्षांत विलायतेहून पट्टी-पेन्सिल घेऊन माणसं आली. त्यांनी जमीन पाहिलीसुद्धा नाही, कागदावर सरळ रेघा मारल्या. प्रत्येक चौकोनाला नंबर. हा चौकोन या कंपनीला भाडेपट्ट्याने, तो त्या कंपनीला. रेघ कुणाच्या शेतातून गेली, कुणाच्या चुलीवरून गेली, याचा कागदावर पत्ताच नाही. मग पत्र्याचे बंगले उठले, क्लब उठला, मजुरांच्या रांगा उठल्या. "आणि त्या रेघा जमिनीवर उतरवायला आम्ही," काका म्हणायचे. "साहेब कागदावर रेघ मारणार, आम्ही उन्हात दगड पुरणार." इथपर्यंत आले की ते उठून पाणी प्यायचे आणि विषय संपायचा. मला वाटायचं, म्हाताऱ्याला दम लागतो.

कुणीही काहीही सांगितलं की त्यांचा ठरलेला प्रश्न असायचा: "कुठल्या साखळीने?" आई म्हणाली, पलीकडचा नवा भाडेकरू फार सज्जन आहे, तर हे म्हणणार, "सज्जन? कुठल्या साखळीने?" मी एकदा सांगितलं की माझ्यासाठी बोरिवलीचं चांगलं स्थळ आलंय, तर लगेच, "चांगलं? कुठल्या साखळीने?" मी चिडले. चार दिवसांनी त्या स्थळाने हुंड्याची यादी पाठवली. यादी बघून आईने कपाळाला हात लावला.  काकांनी काकूंकरवी माझ्यासाठी गोड रसातल्या खापरोळ्या पाठवल्या.

भांडणं मिटवण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता, आणि मिटवल्यावर त्यांच्यावर खूश असणाराही कुणी नसायचा. आमच्या ओळीत दोन घरांमध्ये वीतभर बोळ होता. त्यावरून दोन्ही घरांतल्या बायकांची सहा वर्षं जुंपलेली. एक म्हणायची माझा, दुसरी म्हणायची माझ्या बापाचा. एका रविवारी पेडणेकर आखूड साखळी घेऊन आले, दोन्ही भिंती मोजल्या, जुन्या भाडेपावत्या मागवल्या, अर्धा तास आकडेमोड केली. आख्खी वाडी श्वास रोखून उभी. शेवटी म्हणाले, "तुमचीही भिंत चार बोटं बाहेर आहे आणि यांचीही चार बोटं. हा बोळ दोघींचा नाही. ही पावसाच्या पाण्याची वाट आहे." दोघी बायका मिळून त्यांच्या अंगावर धावून गेल्या. सहा वर्षांत पहिल्यांदाच त्यांचं एकमत झालं. पण त्या पावसाळ्यात त्या ओळीत पाणी शिरलं नाही, हेही खरं.

एकदा वाडीची सहल जुहूला गेली होती. सगळे भेळ खाण्यात आणि पाण्यात पाय घालण्यात दंग. काका मात्र वाळूत फतकल मारून, टोपी काढून बसले होते. त्यांना बिनटोपीचं मी तेव्हाच प्रथम बघितलं. मी म्हटलं, "काय काका, समुद्र मोजताय?" म्हणाले, "छे गं. इथं फार बरं वाटतं. इथं दगड पुरायची सोय नाही." तेव्हा मला ते विनोद करतायत असं वाटलं आणि मी हसले. तेही हसले, पण उशिरा.

आणि मग ती नोटीस आली.

ती नीट कळायची तर आमच्या जमिनीचं रामायण थोडक्यात सांगायला हवं. इंग्रजांनी आपल्या राज्यात आमच्या या भागातली, म्हणजे साष्टीतली, गावंच्या गावं एकेका मातब्बराला देऊन टाकली होती. आमचं गावही असंच एका खोताच्या ताब्यात गेलेलं. त्या खोताने डोंगराचा तुकडा एका कंत्राटदाराला दगडाच्या खाणीसाठी पट्ट्याने दिला आणि खाणीखालची जागा स्वतःकडे ठेवली. त्या खालच्या जागेवर पुढे आमच्या आईबापांनी भाड्याने घरं बांधली. खाण बंद पडली. खोती गेली. भाडेपावत्या मात्र प्रत्येकाने देवाच्या फोटोमागे जपून ठेवलेल्या. आता एका बांधकाम कंपनीने तो जुना खाणीचा पट्टा मिळवला होता, आणि तिचं म्हणणं होतं की वाडी खाणीच्या हद्दीत आहे. पट्ट्यात लिहिलं होतं: जुन्या विहिरीपासून पूर्वेस अकरा साखळ्या. कंपनीच्या इंजिनिअरने अकरा साखळ्या मोजून नकाशा केला, वरच्या ऑफिसने त्यावर शिक्का मारला. नकाशात पिवळ्या रंगाने भरलेल्या भागात आमची बेचाळीसच्या बेचाळीस घरं. एकवीस दिवसांत जागा खाली करा.

वाट लागली होती आमची. दुसरं काय म्हणू? बापाने गिरणीत हाडं झिजवून बांधलेलं घर. आई नोटीस आली त्या दिवसापासून भांडी घासता घासता मधेच थांबून भिंतीकडे बघत राहायची. सगळे पेडणेकरांकडे धावले. हा माणूस काहीतरी तोड काढेल असं प्रत्येकाला वाटत होतं. काकांनी चष्मा लावून कंपनीचा नकाशा पाहिला. अकरा साखळ्यांवर बोट ठेवलं. चेहरा पांढराफटक पडला. नकाशाची घडी घालून परत दिली आणि म्हणाले, "मला यातलं कळत नाही." आत गेले आणि दार लावून घेतलं.

दोन दिवस बाहेर आले नाहीत. दूधसुद्धा काकूंनी आणलं. वाडीत लोक नको नको ते बोलले. कुणी म्हणालं, कंपनीने विकत घेतला. कुणी म्हणालं, म्हातारा घाबरट आहे. मीही बोलले, खोटं कशाला सांगू? कळत नाही म्हणे! ज्या माणसाला बोळातली चार बोटं कळतात, त्याला हे कळत नाही?

मी मात्र गप्प बसणारी नव्हते. ओळखीपाळखी काढून, जुन्या दप्तराच्या खोलीत तीन वेळा खेटे घालून, मूळ पट्ट्याचा नकाशा बघायची परवानगी मिळवली. तिथेच उभ्या उभ्या मेणकापडावर उतरवून घेतला. तेवढी तर माझी विद्या होती. तिसऱ्या दिवशी दुपारी तो घेऊन पेडणेकरांच्या दारात उभी राहिले आणि दार उघडेपर्यंत कडी वाजवली.

काकू बाजारात गेल्या होत्या. काकांनी माझा नकाशा खाटेवर पसरला, कडेकडेने बोट फिरवलं आणि मग म्हणाले, "शालन, ही आखूड साखळी आहे."

"म्हणजे?"

ते सांगताना त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता, जणू मला धडा शिकवतायत. साखळ्या दोन. सरकारी शेतजमिनीची मोजणी तेहतीस फुटांच्या साखळीने व्हायची. खाणीवाले आणि इंजिनिअर सहासष्ट फुटांची वापरायचे. कागदावर मात्र दोन्हीला नुसतं साखळी म्हणायचे. हा पट्टा खोताने दिलेला, खोताची मोजणी सरकारी शेतसाऱ्याच्या पद्धतीची, म्हणजे तेहतीस फुटांची. कंपनीच्या पोराने कॉलेजात शिकवलेली सहासष्टची धरली. "अकरा साखळ्या म्हणजे तीनशे त्रेसष्ट फूट. त्याने सातशे सव्वीस केले. तुमची घरं त्या मधल्या जागेत आहेत. हद्दीच्या बाहेर."

मला नाचावंसं वाटलं. "अहो काका, मग बोलत का नाही तुम्ही? वाडी तिथे डोकं आपटतेय आणि तुम्ही इथे—"

"मी ही चूक केली आहे," ते म्हणाले.

मला वाटलं, या नकाशात त्यांचा काही हात आहे. पण नाही. खाणीवरची गोष्ट. तेविसाव्या वर्षी त्यांना पहिल्यांदा एकट्याने हद्द आखायला पाठवलं होतं. कागदावर लिहिलेलं, देवळापासून नऊ साखळ्या. तो गावाचा जुना सरकारी आकडा होता, आखूड साखळीचा. यांच्या खांद्यावर खाणीची लांब साखळी. यांनी नऊ मोजल्या आणि दगड पुरले. रेघ दुप्पट लांब गेली. तिच्या आत चौदा झोपड्या, नाचणीची शेतं आणि विहीर आली. दगड पुरताना त्याच वस्तीतल्या एका बाईने यांना ताक आणून दिलं होतं. महिन्याभरात जुने कागद चाळताना चूक लक्षात आली. साहेबाकडे गेले. साहेब म्हणाला, दगड पुरलाय, पट्ट्यावर सही झालीय, आता दगड म्हणेल ते खरं. तुला नोकरी हवी ना? यांना हवी होती. वस्ती पुढच्या उन्हाळ्यात उठवली.

"चाळीस वर्षं झाली," काका म्हणाले. "मी कुणाला बोललो नाही. हिलाही नाही. आता इथं उभा राहून दुसऱ्याची चूक सांगायची, तर तो पोरगा विचारणार, तुम्हाला कसं माहीत? काय सांगू?"

 नकाशा तिथेच ठेवून मी घरी आले. आईला फक्त एवढंच म्हणाले की काकांना नावं ठेवू नकोस.

वाडीने हरकत घेतली होती म्हणून जागेवर मोजणी ठरली. सरकारी मोजणीसाहेब आले, वयस्कर, हातात छत्री. कंपनीचा इंजिनिअर आला, तरणाबांड, चकचकीत बूट. सकाळचे दहा वाजले होते, कामावर कुणीच गेलं नव्हतं. मी पेडणेकरांच्या दाराकडे बघत होते. दार उघडलं. काका बाहेर आले, टोपी घातलेली, खांद्यावर दोन्ही पिशव्या. मागे काकू, त्यांना काहीच माहीत नव्हतं.

काकांनी साहेबांना नमस्कार केला, साखळ्यांचा फरक सांगितला आणि परवानगी घेऊन विहिरीपासून आखूड साखळीने मोजायला लागले. एक टोक माझ्या हातात. नळाखालची बादली भरून वाहत होती, तरी नळ कुणी बंद केला नाही. अकरावी साखळी संपली ती वाडीच्या विहिरीकडच्या टोकाला, सखूबाई जाधवांच्या स्वयंपाकघरात, चुलीच्या मागे भिंतीला लागून.

"इथं हद्दीचा दगड असायला हवा," काका म्हणाले.

सखूबाई कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. सत्तरीच्या, खडी फोडून बोटं वाकडी झालेली. म्हणाल्या, "दगड? चौकोनी? वरती खूण कोरलेली?"

"हां, हां, तोच!"

"आवो, तो मोरीत हाय. घर बांधताना आमच्या मालकांनी उपटला आन् मला धुणं आपटायला दिला. तीस वर्सं त्याच्यावरच धुतेय की मी!"

एवढ्या ताणातसुद्धा वाडी हसली. इंजिनिअर तर खोखो हसला. मोजणीसाहेबांनी मोरीत जाऊन दगड पाहिला, खुणेवरून बोट फिरवलं आणि मान हलवली. "आजोबा, जागचा हललेला दगड पुराव्याला चालत नाही. तो कुठूनही आणलेला असू शकतो."

"बरोबर आहे," काका म्हणाले. "पण जुने लोक दगड पुरायच्या आधी खड्ड्यात कोळसा घालत. दगड कुणी हलवला तरी कोळसा तिथेच राहतो, कुजत नाही. इथं खणा."

साहेब घुटमळले. म्हातारीची चूल उखडायची, तीसुद्धा एका रहिवाशाच्या सांगण्यावरून. आणि तो पोरगा बोललाच, "सर, यांचं स्वतःचं घर इथे आहे. हे असंच बोलणार ना! जगात सगळीकडे साखळी सहासष्ट फुटांचीच असते. तेहतीसची यांना कशी माहीत?"

काकांनी टोपी काढली.  मी पुढे होऊन काहीतरी बोलणार होते, पण त्यांनी एक बोट वर केलं आणि मी थांबले.

"सांगतो," ते म्हणाले. आणि सगळं सांगितलं. देऊळ, नऊ साखळ्या, चौदा झोपड्या, ताक, साहेब, नोकरी. काही वगळलं नाही, काही सावरून घेतलं नाही. मला सांगितलं नव्हतं तेही सांगितलं, की वस्ती उठली त्या दिवशी ते मुद्दाम दुसऱ्या टोकाला कामाला गेले होते. शेवटी इंजिनिअरकडे वळून म्हणाले, "तू वाईट माणूस नाहीस, बाळा. मीही नव्हतो. तू कागद वाचलास आणि खांद्यावर होती ती साखळी टाकलीस. पण तुझे दगड अजून पुरलेले नाहीत."

पोराने बुटांकडे पाहिलं. मोजणीसाहेबांनी हातातली छत्री भिंतीला टेकवली. मग सखूबाईंना म्हणाले, "बाई, तुमची चूल..."

"खणा की!" सखूबाई म्हणाल्या. "घर ऱ्हायलं तर चूल कुठंबी मांडता येती."

दोन जणांनी कुदळी घेतल्या. हातभर खाली माती. दीड हात, मुरूम. काका खड्ड्याच्या काठावर उकिडवे बसले होते. त्यांचे ओठ हलत होते, काय म्हणत होते देव जाणे. आणि मग मुरुमात काळं दिसलं. काकांनी स्वतः हात घातला. मुठीत कोळसा आला, आणि त्याच्याबरोबर फुटक्या हिरव्या बाटलीचे दोन तुकडे. साहेबांनी कोळसा हातात घेतला, चुरडून पाहिला, आणि हात पुसायच्या आधीच आपल्या माणसाला म्हणाले, "लिही. हद्द इथे. वाडी पट्ट्याच्या बाहेर."

काय सांगू! माझी आई, जी देवळातसुद्धा मोठ्याने बोलत नाही, ती ओरडली. बायका रडत होत्या, पुरुष एकमेकांच्या पाठीत गुद्दे घालत होते. सखूबाईंनी खड्ड्याशेजारीच तीन विटा मांडून चहाचं आधण ठेवलं आणि पहिला कप त्या इंजिनिअरला दिला. तोही मुकाट्याने प्याला. छातीवरची धोंड उतरणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. किती दिवसांनी पोटभर श्वास घेतला.

काकांना मात्र लोक खांद्यावर घ्यायला निघाले तेव्हा ते गर्दीत सापडेनात. ते घरच्या पायरीवर बसले होते. काकू समोर उभ्या. त्यांच्या चेहऱ्याकडे बघून मी तिथेच थबकले.

"ती जी विहीर," काकू म्हणाल्या. "आपल्या क्वाटरच्या मागली?"

काकांनी मान हलवली.

"मी त्या बांयचा पाणी अकरा वर्सां प्यालंय. माका कदी सांगलास नाय."

  मग काकू त्यांच्या शेजारी पायरीवर बसल्या, पदराने त्यांच्या हातांचा कोळसा पुसला आणि म्हणाल्या, "आपण जावया. दोगांनी."

आणि खरंच गेले. महिनाभर बाहेर होते. परत आल्यावर काकूंनी आईला सांगितलं. खाणीचा बराचसा भाग बंद झाला होता, पण वस्तीतली माणसं दोन कोसांवर सापडली. ताक देणारी बाई केव्हाच गेली होती. तिचा मुलगा म्हातारा झालेला, त्याने अंगणात बसवून घेतलं. काकांनी त्याला सगळं सांगितलं, आणि त्याला घेऊन तिथल्या जमिनीच्या कचेरीत गेले. आपली चूक नकाशासकट लिहून, खाली सही करून दिली. कारकुनाने कागद घेतला, फाइलला लावला, पोचपावती दिली. त्याचं पुढे काय होईल ते कुणालाच माहीत नव्हतं. पण मुलाने ती पावती दोन्ही हातांनी घेतली म्हणे, आणि यांना जेवल्याशिवाय सोडलं नाही.

पुढच्या वर्षी माझं लग्न झालं आणि मी मुलुंडला गेले. दिवाळीनंतर एका शनिवारी दुपारी पेढे घेऊन वाडीत आले. मला दिवस गेले होते, पहिली बातमी आईला आणि दुसरी काकांना, असं मी ठरवूनच आले होते. पेडणेकरांच्या दारात तीन माणसं पायरीवर बसली होती. मालाडकडच्या कुठल्याशा वाडीतली. मांडीवर गुंडाळलेला नकाशा आणि नोटीस. असे लोक आता वरचेवर यायचे म्हणे, वाडीचं नाव विचारत विचारत. काकू दारातच सुपात तांदूळ निवडत होत्या.

"काकू, काका आहेत ना?" मी मोठ्याने विचारलं. माझा आवाज कसला, भोंगाच.

काकूंनी ओठांवर बोट ठेवलं. मी आत डोकावले. खाटेवर काका कुशीवर झोपलेले, तोंड उघडं, एक हात खाटेखाली लोंबकळत होता. घोरत होते चक्क. खिडकीतून भर दुपारचं ऊन तोंडावर पडलं होतं, तरी जाग नव्हती.

"लगीन झाल्यापासून मी ह्येंका असे निजलेले बगूक नाय," काकू हळूच म्हणाल्या. "रातभर ह्या कुशीर, त्या कुशीर. माका वाटायचा, खाणीच्या आवाजान. हंय येवनपण तसाच. आता बग. त्या खाणीवरना इल्यापासून पडले की निजतत. उठव नको गो."

मी पायरीवरच्या माणसांकडे पाहिलं. सकाळपासून आलेली असावीत, चहाचे रिकामे कप शेजारी होते. त्यांच्यातला थोराड माणूस मलाच समजावल्यासारखं म्हणाला, "झोपू द्या ताई त्यांना. आम्हाला घाई नाही."

पेढ्यांचा पुडा मी काकूंच्या हातात दिला, बातमी त्यांच्या कानात सांगितली, आणि पावलं न वाजवता निघाले.